बोलताना व्होल्टेज मोजा

(वसंत व्याख्यानमाला, पाचवं पुष्प. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



पत्रिकेत आजचा विषय 'हौशी रेडिओची ओळख' असा छापलाय. पण पुढच्या दोन रांगांत आपली हॅम मंडळीच, म्हणजे परवाना असलेले हौशी रेडिओवालेच, बसली आहेत, आणि अँटेनाविषयी परवाच्या पुष्पात सविस्तर झालंय. ओहमचा नियम दहावीत सगळ्यांनीच पाठ केलाय. तेव्हा ओळखीत वेळ घालवत नाही. पोटतिडकीनं सांगावी अशी एकच गोष्ट घेऊन मी आलोय. रेडिओ बोलत असताना त्याच्यापर्यंत किती व्होल्ट पोचतात हे मोजल्याशिवाय त्याच्या ताकदीबद्दल कुणी बोलू नये.

टेबलावर हा संच ठेवलाय तो यासू कंपनीचा एफटी-८१७. खांद्याला अडकवून डोंगरावर न्यावा असा. बाहेरून १३.८ व्होल्ट दिले की ५ वॉट देतो. पोटातल्या बॅटरीवर चालवला की तो आपण होऊन २.५ वॉटवर येतो. ५ हवे असतील तर तसं मुद्दाम निवडावं लागतं. आयकॉमचा आयसी-७०५ बाहेरच्या १३.८ व्होल्टवर १० वॉट देतो, पाठीवरच्या बॅटरीवर ५. बहुतेक माहितीपत्रकांत हा १३.८ चा आकडा दिसतो. तो आला गाडीच्या बॅटरीवरून. लेड-ॲसिडचे सहा सेल, चार्जिंगवर ठेवलेले, प्रत्येकी २.३ व्होल्ट. म्हणजे पत्रकातली ताकद चार्जिंगवरच्या बॅटरीची असते, आणि गडावर चार्जर नसतो.

आता ताकद घटते कशी ते पाहा. संचातला शेवटचा ट्रान्झिस्टर व्होल्टेज खालीवर हलवतो. ते किती हलवता येईल, हे त्याला मिळणाऱ्या पुरवठ्यावर ठरतं. पुरवठा कमी झाला की हेलकावा लहान होतो, आणि समोरचा भार तोच असल्यामुळे करंटही त्याच प्रमाणात उतरतो. ताकद म्हणजे या दोघांचा गुणाकार, म्हणून ती व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबानं घटते. आठ रिचार्जेबल पेन्सिल सेलचे होतात ९.६ व्होल्ट. १३.८ पेक्षा हे साधारण तीस टक्क्यांनी कमी. ९.६ ला १३.८ नं भागा, वर्ग करा, येतात ०.४८. पाच वॉटचे उरले २.४! तीस टक्के व्होल्टेज गेलं आणि निम्म्याहून जास्त ताकद गेली.

(श्रोत्यांतून : आमच्या बाथरूममधला दिवासुद्धा नऊ वॉटचा आहे हो! हशा.)

हसा, जरूर हसा. पण त्या दिव्याचा उजेड बाथरूमच्या दाराबाहेर फारसा जात नाही, आणि लघुलहरींवर पाच वॉटमध्ये दुसऱ्या खंडातल्या माणसाशी बोलणं होतं. पाच वॉटला कमी लेखायचं कारण नाही.

आणि व्होल्टेज उतरलं की ताकद लगेच उतरतेच असं नाही, हे मागच्या रांगेतले मित्र आता मला सांगणार. बरोबर आहे. बऱ्याच संचांत ठरलेली ताकद राखणारी यंत्रणा असते. पण वरची जागाच संपली की तिचाही इलाज चालत नाही. मग आवाजाची शिखरं कापली जातात, शब्द फाटतात, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्याला आपला उपद्रव होतो. मला चिंता आहे ती याची.

एक प्रसंग सांगतो, दोन मिनिटांत. आम्ही तिघं कळसूबाई शिखरावर गेलो होतो. बरोबर दोन मीटर बँडचा मोबाइल संच, बोलताना दहा अँपिअर ओढणारा. जोडीला सात अँपिअर-अवरची बॅटरी, पाठीवर दोन किलोंच्या वर वजन. लोखंडी शिड्या चढून १,६४६ मीटरवर पोचलो, देवीला नमस्कार केला, अँटेना उभी केली. पहिल्याच संपर्कात समोरून उत्तर आलं : "आवाज फाटतोय, काही कळत नाही." बॅटरीला मीटर लावला, १२.७. उत्तम! मग दोष अँटेनाचा. काठी उतरवली, पुन्हा बांधली. कनेक्टर पुसले. दिशा बदलली. ऊन डोक्यावर आलं, वारा सुटला, आणि दोन तास गेले तरी तक्रार तीच.

आमच्याबरोबर पायथ्याच्या बारी गावातला एक तरुण आला होता. शेतावरच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचा. तो इतका वेळ गप्प बसून बघत होता. शेवटी म्हणाला, "दादा, मोटर बंद असताना व्होल्टेज चांगलंच दिसतं. चालू करून बघा ना. आणि बॅटरीपाशी नको, मशीनपाशी बघा." मी पीटीटी, म्हणजे बोलण्याचं बटण, दाबून धरलं, त्यानं संचाच्या मागे मीटर टेकवला. साडेदहा! त्यानं वेटोळं करून ठेवलेली वायर हातात धरली. "गरम झालीय."

हिशेब सोपा होता, तो मी केलाच नव्हता. वायर एक चौरस मिलिमीटरची, चार मीटर लांब. जाऊन-येऊन आठ मीटर तांबं, म्हणजे ०.१४ ओहम. ओहमच्या नियमानं दहा अँपिअर गुणिले ०.१४, म्हणजे १.४ व्होल्ट वायरनंच खाल्ले. बाकीचं बॅटरी भाराखाली बसल्यामुळे गेलं. असे अनेक संच १३.८ च्या खाली फार तर पंधरा टक्के, म्हणजे ११.७ पर्यंत, नीट चालतात. आम्ही साडेदहावर ओरडत होतो. वायर कापून हातभर केली, ताकद सर्वांत खालच्या पायरीवर आणली. समोरून लगेच : "आता स्वच्छ." ताकद कमी केली आणि आवाज पोचला!

तो तरुण मला फार मोठं शिकवून गेला. डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून लांब, शेवटच्या शेतात व्होल्टेज पडून मोटर का जळते, हे आपल्या शेतकऱ्याला पाठ असतं. तेच ज्ञान आम्ही परवानाधारक डोंगरावर विसरलो होतो. त्याच्या घरी मग आम्ही जेवलो, त्यानं मला तीन-फेजच्या...

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.)

पाच मिनिटं राहिलीत म्हणतात. जेवणाचं राहू द्या.

राहिलेलं भरभर सांगतो. ताकद निम्मी झाली तर ऐकणाऱ्याच्या सिग्नल मोजणाऱ्या एस-मीटरवर फरक पडतो अर्ध्या एस-युनिटचा. कानाला जेमतेम कळतो. म्हणून अडीच वॉटला घाबरू नका. फाटक्या पाच वॉटला घाबरा. दुसरं, लिथियम आयर्न फॉस्फेटचे चार सेल बहुतेक वेळ तेरा व्होल्टच्या आसपास टिकून राहतात आणि शेवटी एकदम कोसळतात. लेड-ॲसिड हळूहळू उतरते. दोघींचा स्वभाव ओळखून जा. तिसरं, वायर जाड घ्या, आखूड ठेवा.

(श्रोत्यांतून : मोबाइल असताना हे कशाला?)

हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि त्याचं उत्तर मी टाळणार नाही. डिसेंबर २००४ मध्ये हॅम ऑपरेटर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी संपर्कासाठी पोर्ट ब्लेअरला होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौसेसाठी नेलेले तेच संच निरोप पोचवण्याच्या कामाला लागले. अशा दिवशी भिंतीतल्या सॉकेटचा भरवसा नसतो. असते ती बॅटरी, आणि तिच्यापासून संचापर्यंतची वायर.

म्हणून प्रत्येक हॅम क्लबला माझी विनंती आहे. पावसाळ्याआधी एक रविवार काढा. बाहेर न्यायचे संच, बॅटऱ्या आणि वायरी तशाच जोडा. अँटेनाऐवजी डमी लोड लावा, पूर्ण ताकदीवर एक मिनिट पीटीटी दाबून धरा, आणि मीटर संचाच्या मागे टेकवा. जो आकडा येईल तो बॅटरीवर कागद चिकटवून लिहून ठेवा. तो त्या संचाच्या किमान व्होल्टेजच्या, म्हणजे अनेक संचांसाठी ११.७ च्या, खाली आला, तर ती जोडणी आपत्तीच्या पिशवीत ठेवू नका.