अढीतली ऊब



आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण उष्मागतिकी मला आपल्या रत्नागिरीच्या आंब्यात दिसते. हापूसच्या अढीत हात घातला की ऊब लागते. ती येते कुठून? उतरवलेला आंबाही श्वास घेत असतो. त्यातली साखर सावकाश ऑक्सिजनशी संयोग पावते. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून सुमारे २८०० किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा नवी नव्हे, पानांनी साठवलेलं ऊनच. हा पहिला नियम. पसरलेली ऊब परत गोळा होत नाही, पिकलेला आंबा पुन्हा कैरी होत नाही (आपणही नाही!). हा दुसरा. उष्णता कोंडली तर आंबे भराभर पिकून नासतात, म्हणून थर बेताचे ठेवायचे. यंदा अढी घालाल, तेव्हा मुलांना त्यात हात घालून बघू द्या.