किलोमीटर नको, चढ मोजा : महाड-पोलादपूरमधून सायकलचा बेत आखताना

मी मूळची महाडची, राहते महाडलाच, आणि गेली आठ-नऊ वर्षं ह्याच पट्ट्यात सायकल चालवतेय. आजचा भाग तुमच्याच एका प्रश्नावरचा आहे. तो दर दिवाळीच्या आधी येतो आणि जवळजवळ त्याच शब्दांत येतो. "ताई, पुण्याहून ताम्हिणीने खाली उतरतो, माणगाववरून महाड, तिथे मुक्काम. दुसऱ्या दिवशी पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वर आणि तसंच वाईमार्गे पुणे. दोन दिवसांत होईल ना?" सोबत मॅपचा स्क्रीनशॉट. निळी रेघ, वर किलोमीटर.

होईल. काही जणांना होईल. ब्रेव्हे करणारी मंडळी तीनशे किलोमीटर वीस तासांच्या आत संपवतात, नियमच आहे तसा. पण त्यांच्याकडे सामान नसतं, सराव असतो आणि ते रात्रीही चालवतात. तुम्ही मागे दोन बॅगा बांधून, फोटो काढत, मिसळ खात जाणार आहात. तर आपण तुमच्याबद्दल बोलू.

त्या निळ्या रेघेत काय दिसत नाही ते सांगते. महाड ते पोलादपूर साधारण अठरा किलोमीटर, हायवे, किरकोळ चढउतार. तासा-सव्वा तासात पोचता. पोलादपूर ते महाबळेश्वर साधारण चाळीस किलोमीटर. कागदावर दुप्पट-सव्वादोनपट. म्हणून लोक अडीच-तीन तास धरतात. आता हे बघा, पोलादपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम वर आहे आणि महाबळेश्वर तेराशे मीटरच्याही वर. म्हणजे ह्या चाळीस किलोमीटरमध्ये तुम्ही स्वतःला, सायकलला, बॅगांना आणि त्या पॉवर बँकेला सव्वा किलोमीटरहून जास्त उंच उचलून नेताय.

म्हणून घाटात मी वेळ किलोमीटरवर काढतच नाही, चढावर काढते. सामानासकट, सरासरी तब्येतीच्या माणसाने तासाला तीनशे मीटर चढ धरावा. हा माझा अंदाज आहे, तुमचा तुम्ही सिंहगडावर नाहीतर जवळच्या कुठल्याही घाटात घड्याळ लावून काढा. तेराशे भागिले तीनशे, म्हणजे सव्वाचार-साडेचार तास नुसतं पेडल मारायला. पाणी, खाणं, दम, फोटो ह्याचा एक-दीड तास. सहा तास झाले. सकाळी साडेसहाला पोलादपूर सोडलंत तर साडेबाराला वर. आणि तिथून पुणे अजून एकशेवीसच्या आसपास! तोवर मांड्या तुमच्याशी बोलत नसतात.

चढ किती आहे हे बघायला राइड विथ जीपीएस, कोमूट, स्ट्राव्हा, काहीही वापरा. रस्ता आखलात की खाली उंचीचा आलेख येतो. पण त्या आलेखावर डोळे झाकून विश्वास नको. उपग्रहाचा उंचीचा डेटा ठरावीक चौकोनांत असतो, आणि आपला घाटरस्ता म्हणजे कड्याच्या कुशीत खोदलेली एक चिंचोळी पट्टी. रेघ जराशी सरकली तर उंची कड्याच्या माथ्याची नाहीतर दरीच्या तळाची येते. मग आलेखात करवतीचे दात दिसतात आणि एकूण चढ फुगतो. बोगद्याचं तर विचारूच नका. पोलादपूरच्या दक्षिणेला काशेडीचा बोगदा आहे. काही ॲप तुम्हाला बोगद्यातून नेतानाही वरच्या डोंगरावर चढवून दाखवतात. (काशेडीबद्दल एक सांगते : मोठी वाहतूक बोगद्यातून जायला लागल्यापासून जुना घाट सायकलला बरा झालाय. बोगद्यातली धूळ आणि घुमणारा आवाज मला सोसत नाही. मी जुन्या घाटानेच जाते.)

दुसरी गोष्ट उन्हाची. आंबेनळीचा चढ सह्याद्रीच्या पश्चिम अंगावर आहे. सूर्य डोंगराच्या मागून येतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ घाट सावलीत असतो. दुपारनंतर तेच अंग पूर्ण उन्हात. म्हणून कोकणातून वर चढायचं तर पहाटे निघायचं. ही हौस नाही, गरज आहे. मार्च ते मे मध्ये आमच्याकडची दमट हवा अशी असते की घाम वाळतच नाही, नुसता वाहतो. अशा हवेत दुपारी बाराला कापडे गाव सोडून चढाला लागणारे सायकलवाले मी पाहिलेत. पाणी एक बाटली. मी थांबवते, माझ्याकडचं देते, पण रोज मी तिथे नसते.

पाण्याचा हिशेब सोपा आहे. पोलादपूरला दोन-अडीच लिटर भरून निघा. वाटेत दुकानं तुरळक. अर्ध्यावर वाडा कुंभरोशी लागतं, जिथून प्रतापगडाचा फाटा फुटतो. तिथे चहा, वडापाव, पिठलं-भाकरी सगळं मिळतं. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांची गर्दीही मिळते, फुकट. जमलं तर हा टप्पा आठवड्याच्या मधल्या वारी ठेवा.

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग करायचा होता ती. दरडी.

आमच्या भागात रस्ता "चालू आहे का" हा प्रश्न मॅपला विचारायचा नसतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातलं पश्चिमेकडचं पाणी आमच्या सावित्रीत येतं. २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव इथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल वाहून गेला, त्यात दोन एसट्या गेल्या. नवा पूल १६५ दिवसांत बांधून २०१७ च्या जूनमध्ये सुरू झाला. २८ जुलै २०१८ ला आंबेनळीत दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली. २२ जुलै २०२१ ला तळीये गाव दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळून माणसं गेली, महाड शहर पुरात होतं आणि आंबेनळीचा रस्ता पुढे बरेच दिवस तुटलेलाच होता. मी हे घाबरवायला सांगत नाहीये. तुम्ही ज्याला "मॉन्सून राइड" म्हणता तो रस्ता आमच्यासाठी काय आहे, ते माहीत असावं एवढंच.

तर जून ते सप्टेंबर ह्या दोन्ही घाटांचा बेत आखूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही म्हणजे आंबेनळी आणि वरंधा. बिरवाडी, माझेरीवरून भोरला चढणारा वरंधा तर पावसाळ्यात वरचेवर बंदच असतो. आणि इथे एक मेख आहे. घाटाचा पायथा एका जिल्ह्यात, माथा दुसऱ्या. आंबेनळी रायगड आणि साताऱ्यात, वरंधा रायगड आणि पुण्यात. बंदीचा आदेश ज्या त्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी काढतात. तुम्ही पुण्याच्या बातम्या बघून निघता आणि आदेश अलिबागहून निघालेला असतो. म्हणून दोन्हीकडचं बघा. आणि त्याहून पक्कं काम म्हणजे महाड नाहीतर पोलादपूरच्या एसटी स्टँडवर चौकशी खिडकीला विचारा, महाबळेश्वरची गाडी आज गेली का. एसटी गेली असेल तर रस्ता आहे. नसेल तर मॅप काहीही म्हणो.

तीन वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी आम्ही चौघं निघालो होतो. पाऊस आठवडाभर उघडला होता, एसटी चालू होती, सगळं विचारून घेतलं होतं. घाटात अर्धा-पाऊण तास चढल्यावर सर आली. जोराची नाही. पण एका वळणावर डोंगराकडून बारीक खडी सुटी होऊन रस्त्यावर येत होती, टपटप, थांबून थांबून. आणि त्या वळणावरच्या नाल्याला, जो नेहमी स्वच्छ असतो, लालभडक गढूळ पाणी. माझ्या आजोळी, डोंगराच्या पायथ्याला, लहानपणापासून हे ऐकलंय : झऱ्याचं पाणी अचानक गढुळलं तर घराबाहेर पड. मी म्हटलं, परत. आमच्यातल्या पुण्याच्या मित्राचं महाबळेश्वरचं बुकिंग होतं, पैसे परत मिळणार नव्हते. तो म्हणाला, समोर रस्ता मोकळा दिसतोय, दोन मिनिटांत पलीकडे जाऊ. बरीच वादावादी झाली, पावसात उभं राहून. शेवटी चौघंही उतरलो, पोलादपूरला एका साध्या लॉजवर ओले कपडे पंख्याखाली टांगून झोपलो.

दुसऱ्या दिवशी काय झालं होतं? काहीच नाही. दरड पडली नव्हती. एसटी वेळेवर गेली. तो मित्र आजही "गढूळ पाणी" म्हणून मला चिडवतो. मी चिडवून घेते. पुन्हा तसं पाणी दिसलं तर पुन्हा परतेन, आणि ग्रुपमध्ये येणाऱ्याला निघायच्या आधीच हे सांगते : परतायचं कोणी एकाने म्हटलं की सगळे परततात, मतदान नाही. हे घरीच ठरवायचं. भर पावसात, बुकिंगचे पैसे डोक्यात असताना ते ठरत नाही.

तसंच वेळेचं. माझी रेघ वाड्यावर आहे. साडेअकरापर्यंत वाडा कुंभरोशी आलं नाही, तर त्या दिवशी महाबळेश्वर नाही. वाड्यालाच थांबायचं किंवा खाली उतरायचं. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि वरच्या जंगलात अंधार त्याच्याही आधी उतरतो. नेटवर्क घाटात ये-जा करतं, म्हणून आईला तीनच मेसेज ठरलेत : पोलादपूर सोडलं, वाडा आला, वर पोचले. मधे फोन लागला नाही तर तिने घाबरायचं नाही. पण दोनपर्यंत तिसरा मेसेज आला नाही तर तिने काय करायचं, कुणाला फोन लावायचा, हे फ्रिजवर लिहून ठेवलंय. तुम्हीही लिहून ठेवा. ११२ आणि १०८ तर पाठच हवेत.

मुक्कामाचं थोडक्यात. महाडला लॉज आहेत, अडचण नसते. पण १९-२० मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्या स्मृतिदिनासाठी देशभरातून माणसं येतात, आणि ५-६ जूनला रायगडावर शिवराज्याभिषेकासाठी. त्या दिवसांत खोली सोडा, स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते. यायचं तर त्या सोहळ्यासाठी या, सायकल दौऱ्यासाठी नको. गणपतीच्या आदल्या आठवड्यात हायवेवर अख्खी मुंबई असते, तेव्हाही नको. रायगड बघायचा असेल तर एक पूर्ण दिवस वेगळा काढा. महाडहून पाचाड पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे आणि शेवटचा भाग चढाचा. "जाता जाता रायगड" असं काही नसतं.

रेल्वेने सायकल आणणाऱ्यांसाठी. महाड शहरात रेल्वे नाही. जवळचं स्टेशन वीर, तिथून तासाभराच्या आत महाड. पण तिथे गाडी मिनिट-दोन मिनिटं थांबते. ब्रेक व्हॅनमध्ये पार्सल म्हणून टाकलेली सायकल तेवढ्यात उतरेल ह्याचा भरवसा धरू नका. चाकं काढून, पिशवीत घालून, स्वतःजवळ ठेवून आणा. एसटीच्या टपावर जमतं का, हे गाडीवर आणि कंडक्टरवर अवलंबून. सामानाचं तिकीट मागा, गोड बोला.

सुट्या भागांबाबत गोड बोलून उपयोग नाही. महाड-पोलादपूरला पंक्चर निघेल, साध्या सायकलची ट्यूब मिळेल. प्रेस्टा व्हॉल्व्हची सातशेची ट्यूब, गिअर हँगर, डिस्कचे पॅड मिळतील असं धरून येऊ नका. दोन ट्यूब, चेनची जोडकडी, हँगर आणि पॅडची एक जोडी सोबत हवीच. पॅड खास करून त्यांनी आणा जे उलट्या दिशेने, म्हणजे महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणार आहेत. सामानासकट चाळीस किलोमीटर उतरताना ब्रेक सतत दाबून धरला तर तापतो. दाबा, सोडा, दाबा, सोडा. मधे थांबून हात लावू नका, चटका बसेल, नुसता वास घ्या.

आणि गिअर. पुढचा लहान दाता आणि मागचा मोठा दाता निदान सारख्या दातांचे असावेत, चौतीसला चौतीस. त्याहून हलकं असेल तर उत्तम. नसेल तर ढकला. आंबेनळीत सायकल ढकलत जाण्यात कसलाही कमीपणा नाही, तासाला चार किलोमीटर होतात, ते वेळेच्या हिशेबात धरा म्हणजे झालं. १९२३ साली मुंबईहून सायकलवर जग फिरायला निघालेले तरुण १९२८ साली परत आले, तेव्हा कुठला जीपीएस आणि कुठला चौतीसचा दाता. त्यांनीही कुठेकुठे ढकललीच.

तर त्या स्क्रीनशॉटवाल्यांसाठी माझं उत्तर : तीन दिवस. पहिला पुणे ते महाड, दुसरा महाड ते महाबळेश्वर आणि बाकी काही नाही, तिसरा पाचगणी, पसरणी घाट, वाई, पुणे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तिसऱ्या दिवसाची सुट्टी मिळत नसेल तर वरून उतरायचा बेत सोडा, पोलादपूरहून मागे फिरून माणगावपर्यंत या आणि तिथून गाडीने घरी जा.

पुढच्या भागात काशेडीच्या पलीकडे, खेड-चिपळूणकडे जाऊ. तुमचे रस्ते पाठवा, पण ह्या वेळी स्क्रीनशॉटमध्ये खालचा उंचीचा आलेखही येऊ दे.