नातीची डबी, अम्माचे पाय

थंडी पडली की आमच्या बिद्रीत दोन वास दरवळू लागतात. एक कारखान्याच्या मळीचा आणि दुसरा घराघरांतल्या खोबरेल तेलाचा. उसाच्या पाल्यानं चिरलेले हात, भेगाळलेल्या टाचा, उललेले ओठ. कुणी कैलास जीवन चोळतं, कुणी कोकणातून आणलेलं कोकमाचं मुठेल तव्यावर वितळवून भेगांत भरतं. आमच्या घरात यंदा या पंगतीला तान्ह्या बाळाची क्रीम येऊन बसली, त्याची ही हकिकत.

माझी अम्मा ऐंशी ओलांडलेली. साखरेचा आजार जुना. गेल्या हिवाळ्यात तिच्या नडग्यांची कातडी माशाच्या खवल्यांसारखी सुटू लागली. रात्रभर खाजवायची, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. साखरेच्या माणसाची जखम लवकर भरत नाही, म्हणून माझा जीव टांगणीला. कुणीतरी सांगितलं म्हणून मी एका औषधाच्या दुकानातून बिनचिठ्ठीची ट्यूब आणली. आठ दिवसांत खाज पळाली. मी खूश! पण महिन्या-दोन महिन्यांत कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. नुसता धक्का लागला तरी निळं पडायचं. कोल्हापूरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. आत स्टेरॉइड होतं. अशी अनेक मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केंद्र सरकारनं २०१८ साली केला आहे. पण दुकानदारानं मागितली नाही आणि मीही दाखवली नाही. चूक दोघांची.

डॉक्टर म्हणाले, "हे बंद करा. कातडी कोरडी आहे, तिला साधी, कमी वासाची क्रीम द्या."

मी विचारलं, "भारीतली लिहून देता?"

ते हसले. "स्वस्तातलीच घ्या. भारीतली तुम्ही मोहरीएवढी लावाल. ही तळहातभर लागते, दिवसातून दोन-तीनदा."

घरी आलो तर कपाटात लेकीची डबी. बाळंतपण उरकून ती सासरी गेली आणि नातीची क्रीम मागे राहिली. झाकणावर बदाम आणि ऑलिव्हचं चित्र. तारीख पाहिली, अजून मुदत होती. मग चष्मा लावून बारीक अक्षरांतली यादी वाचली. यादीत जे जास्त ते आधी लिहितात. पहिलं पाणी, मग तेल, मेण, ग्लिसरीन. बदाम बिचारा पार खाली! म्हणजे चित्रावर जाण्यात अर्थ नाही. 'नैसर्गिक' या शब्दावरही नाही. चंदनानं, सुगंधी तेलानंही काहींना पुरळ उठतं. म्हणून दोन-तीन दिवस तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून पाहिली. काही झालं नाही.

क्रीम म्हणजे तेल आणि पाणी एकजीव केलेलं. आपल्या वैद्यांचं शतधौत घृत त्याच घराण्यातलं. तूप पाण्यात शंभरदा धुवायचं, की लोण्याहून मऊ पांढरी क्रीम होते. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, तेल-मेण वरून झाकण घालतं. पण झाकायला आधी पाणी हवं ना? म्हणून अंग टिपून घेतल्यावर, कातडी ओलसर असतानाच दोन-तीन मिनिटांत लावायची. वाळल्यावर लावली तर निम्मी वाया.

इथं अम्मानं मला अडवलं. "अरं, हे लावल्यावर वजू होतो का? पाणी कातडीला लागाय पाहिजे."

प्रश्न रास्त होता. मशिदीतल्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, नखांच्या रंगासारखा पाणी अडवणारा थर नको. कातडीत जिरणारी क्रीम चालते. तरी अम्माच्या मनाची खात्री पटेना. मग तोडगा काढला, क्रीम वजूच्या आधी नाही, नंतर. आणि गंमत बघा, डॉक्टरांची वेळ तीच होती! दिवसातून पाच वेळा पाण्यानं तिचे हातपाय कोरडे पडत होते, त्याच पाण्याच्या मागोमाग आता क्रीम. नडग्या नमाजच्या आधी, चेहरा-हात नमाजनंतर, असा तिचा स्वतःचा कायदा.

बोटांच्या बेचक्यांत मात्र लावत नाही. तिथं ओल राहून बुरशी धरते, साखरेच्या माणसाला ते महागात पडतं. उघड्या जखमेवर नाही, नायट्यावर नाही. उन्हाला ही क्रीम अडवत नाही, आणि गोरं तर मुळीच करत नाही. अम्माच्या लग्नात अफगाण स्नोची बाटली आली होती, १९१९ साली पाटणवालांनी मुंबईत सुरू केलेली. ती अजून तिच्या ट्रंकेत आहे, रिकामी.

तीन आठवड्यांत चादर स्वच्छ निघू लागली. पातळ झालेली कातडी अजून पूर्वीसारखी झालेली नाही, डॉक्टर म्हणतात वेळ लागेल. उरलेली क्रीम मी दाढीनंतर गालाला लावतो. बायको म्हणते, "घरात दोन तान्ही झाली."

परवा लेकीचा फोन आला, "अब्बा, ती डबी पाठवून द्या." मी म्हटलं, "नवी घे." आतून अम्मा ओरडली, "दोन घे म्हणावं!" मगरिबची अजान झाली होती. ती वजू करून बाजेवर पाय लांब करून बसली होती आणि डबी माझ्या हातात होती.