कोऱ्हाळ्याची सिस्टर आणि परदेशातली परीक्षा



नीरा-बारामती रस्त्यावर वडगाव निंबाळकर आणि पणदरे यांच्या दरम्यान कोऱ्हाळे बुद्रुक आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उभा राहिलेला हा उसाचा पट्टा. इथल्या कितीतरी घरांत मुलीच्या जीएनएमची किंवा बीएस्सी नर्सिंगची फी कारखान्याच्या बिलातून भरली जाते. मुलगी पास झाली, की पाहुणेरावळे पहिला प्रश्न विचारतात: ‘मग, बाहेर कधी?’ आणि ‘परीक्षेशिवाय परदेशात नोकरी’ असं छातीठोकपणे सांगणाराही कुणीतरी लवकरच दारात येतो. आजचं हे भाषण त्या प्रश्नाबद्दल आणि त्या माणसाबद्दल आहे. परदेशात परिचारिका किंवा डॉक्टर म्हणून काम करायला नेमकं काय लागतं, ते कोण देऊ शकतं आणि कोण देऊ शकत नाही, एवढंच त्यात सांगायचं आहे.

मराठी मुलींसमोर हा प्रश्न सुमारे एकशे चाळीस वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कोलकात्याहून निघाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांचा वॉर्ड त्यांच्याकडे यायचा होता. तो हाती घेण्याआधीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. आजच्या पदवीधरांना मात्र तिच्याहून उपयोगाची कथा रखमाबाईंची आहे.

लहानपणी झालेलं लग्न नाकारून नवऱ्याने घातलेला खटला लढलेल्या रखमाबाई १८८९ मध्ये इंग्लंडला गेल्या. लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये त्या शिकल्या. पण शिक्षण झालं म्हणून डॉक्टरी करण्याचा परवाना मिळत नव्हता. परवाना देणाऱ्या संस्था वेगळ्या होत्या आणि लंडनच्या रॉयल कॉलेजांची दारं तेव्हा स्त्रियांना बंद होती. म्हणून परीक्षा दिल्या एडिंबरा आणि ग्लासगोच्या, एम.डी. घेतली ब्रुसेल्सची. मग त्या भारतात परतल्या आणि सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात वर्षानुवर्षं राबल्या. शिक्षण एका शहरात, परवान्याची परीक्षा दुसऱ्या शहरात, वरची पदवी तिसऱ्या देशात. शिक्षण आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे रखमाबाईंना १८९४ मध्ये जितकं खरं होतं तितकंच ते आजच्या पदवीधरांना आहे. पदवी विद्यापीठ देतं. काम करायची परवानगी ज्या त्या देशाची परिषद देते, आणि ती स्वतः पारखून देते.

गरज जगाला आहे, यात शंका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे ५८ लाख परिचारिका कमी पडतात आणि काम करणाऱ्या दर सात परिचारिकांपैकी एक परक्या देशात जन्मलेली आहे. ८ डिसेंबर २०२० रोजी कॉव्हेन्ट्रीत मार्गारेट कीनन या आजींना चाचण्यांबाहेरची पहिली फायझर लस टोचली, ती फिलिपिन्सहून आलेल्या मे पार्सन्स या सिस्टरने. पण गरज आहे म्हणून देश परीक्षेत सहसा सूट देत नाहीत. रुग्णाच्या दृष्टीने पाहिलं तर तेच योग्य आहे.

या प्रवासात पहिली अडचण विमानतळावर येत नाही, ती घरातल्या कपाटात असते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्न झालं की मधलं नावही बदलतं आणि आडनावही. आधार कार्ड नव्या नावाचं, पदवी जुन्या नावाची. वर गावाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग प्रत्येक कागदावर निराळं. इकडे तलाठ्यापासून बँकेपर्यंत सगळे हे समजून घेतात, तिकडची परिषद घेत नाही. तिच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया असतात. मग राजपत्रात नावबदल छापा, प्रतिज्ञापत्र करा, विवाह नोंदणीचा दाखला जोडा, यात महिने जातात. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे अशी सक्ती कायद्यात नाही. परदेशातली नोंदणी पुरी होईपर्यंत पदवीवरचंच नाव ठेवलं तर ही सगळी धावपळ वाचते. सासरच्या मंडळींनीही हे ऐकून ठेवावं.

दुसरी गोष्ट पडताळणीची. उमेदवाराने दिलेली झेरॉक्स, मग ती कितीही साक्षांकित असो, बहुतेक ठिकाणी चालत नाही. परदेशातली संस्था थेट कॉलेजला, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला आणि मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला विचारते: ही मुलगी खरंच शिकली का, किती तास शिकली, तिची नोंदणी चालू आहे का, तिच्यावर काही कारवाई झाली आहे का? म्हणून कौन्सिलची नोंदणी आणि तिचं दर पाच वर्षांचं नूतनीकरण हे साधं वाटणारं काम सगळ्याचा पाया आहे. एक कटू गोष्टही इथेच सांगायला हवी. एएनएमचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम गावच्या उपकेंद्रासाठी मोलाचा आहे, पण ब्रिटन-अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठी तो पुरेसा धरला जात नाही. त्याला जीएनएम किंवा बीएस्सीच लागते. ज्यांनी एएनएम केलेल्या मुलींकडून ‘यूकेत सिस्टर’ म्हणून पैसे घेतले, त्यांनी त्या मुलींना फसवलं.

ब्रिटनची परीक्षा नीट पाहण्यासारखी आहे. आधी इंग्रजी. आयईएलटीएसमध्ये ऐकणं, वाचणं, बोलणं या तिन्हींत ७ आणि लिहिण्यात ६.५, किंवा खास आरोग्यसेवकांसाठी असलेली ओईटी. ‘आमचं बीएस्सी तर इंग्रजीतूनच झालं’ असं मुली म्हणतात आणि ते खरंही असतं. पण वॉर्डातलं बोलणं मराठीत झालेलं असतं, आणि परिषदेला पाहायचं असतं ते रुग्णाशी बोलणं. त्यानंतर संगणकावरची सीबीटी, जी भारतात बसून देता येते. त्यात औषधाच्या मात्रेची गणितं असतात. दशांश चिन्ह चुकलं तर प्रत्यक्षात काय होईल, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. शेवटची ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्येच द्यायची असते: नॉर्दॅम्प्टन, ऑक्सफर्ड, लीड्ससारख्या केंद्रांत, दहा टप्प्यांत.

या ओएससीईत हुशार मुली कुठे अडखळतात, ते समजून घेण्यासारखं आहे. सलाइन लावणं, इंजेक्शन देणं यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही; दिवसाला पन्नास रुग्ण पाहिलेला हात असतो तो. गुण जातात ते त्याआधी. हात धुतले का? स्वतःचं नाव सांगितलं का? रुग्णाला कोणत्या नावाने हाक मारलेली आवडेल, हे विचारलं का? मनगटपट्टीवरचं नाव आणि जन्मतारीख रुग्णाकडून वदवून घेतली का? ॲलर्जी विचारली का? अंगाला हात लावण्याआधी परवानगी घेतली का? आपल्याकडच्या भरलेल्या वॉर्डात ‘सात नंबरच्या बेडचं बीपी घे’ असं म्हणायची सवय लागते, आणि एका सिस्टरकडे इतके रुग्ण असताना त्या सवयीबद्दल तिला दोष देणं अन्यायाचं ठरेल. तिथे मात्र सात नंबरचा बेड नापास होतो. या परीक्षेची फी ७९४ पौंड आहे. एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेची बरीच रुग्णालयं निवडलेल्या उमेदवाराचा हा खर्च उचलतात, त्यामुळे ऑफर लेटरमध्ये तो कोणाच्या नावावर लिहिलाय हे सहीच्या आधी वाचावं.

अमेरिकेत नर्सिंगची परवाना-परीक्षा एकच, एनसीएलईएक्स, आणि ती भारतातल्या केंद्रांवर देता येते. उत्तरं पाहून संगणक पुढचा प्रश्न ठरवतो. कुणाला ८५ प्रश्नांत निकाल लागतो, कुणाला १५० पर्यंत जावं लागतं. एप्रिल २०२३ पासून तिच्यात रुग्णाची अख्खी केस देऊन निर्णय विचारला जातो. पाठांतराने ती सुटत नाही. परीक्षेपेक्षा मोठी अडचण व्हिसाची आहे. भारतीयांसाठी ग्रीन कार्डाची रांग दहा वर्षांहून लांब गेली आहे. ‘एनसीएलईएक्स झाली की सहा महिन्यांत अमेरिका’ असं कुणी म्हणालं, तर त्याला ही रांग दाखवावी. त्या परीक्षेचा उपयोग इतरत्रही होतो: ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीतला लेखी भाग तीच आहे, त्यापुढे तिथे जाऊन ओएससीई.

जर्मनी सध्या महाराष्ट्राच्या तोंडी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. सुमारे १०,००० कुशल तरुण पाठवायचे आणि त्यांत परिचारिकाही, अशी ती योजना. केरळ सरकारच्या नॉर्का रूट्स या संस्थेने जर्मनीच्या रोजगार यंत्रणेशी असा करार डिसेंबर २०२१ मध्येच केला होता, आणि त्या ‘ट्रिपल विन’ कार्यक्रमात भाषेचा व निवडीचा खर्च मुलीवर पडत नाही. करार कोणताही असो, जर्मन भाषा मुलीलाच शिकावी लागते, नोंदणीसाठी साधारण बी-टू पातळीपर्यंत. पदवीतला फरक दाखवणारं पत्र येतं, मग एक परीक्षा किंवा पूरक प्रशिक्षण, आणि तोवर सहायक म्हणून कमी पगारावर काम. शिवाय तिथे अंघोळ घालणं, भरवणं, कूस बदलणं हे सिस्टरचंच काम. आपल्याकडे ते नातेवाईक करतात, मामी नाहीतर आत्या रात्रभर उशाशी बसलेली असते. हे आधी न सांगितल्यामुळे कित्येकींना पहिल्या महिन्यात अपमान झाल्यासारखं वाटतं. वाटू नये. त्या देशात रुग्णसेवेचा अर्थच तो आहे.

डॉक्टरांसाठी थोडक्यात. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे हा प्रश्न आता तालुक्यातलाच झाला. भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला वैद्यकशिक्षणाच्या जागतिक महासंघाची दहा वर्षांची मान्यता सप्टेंबर २०२३ मध्ये मिळाली, ही जमेची बाजू. पण अमेरिकेत यूएसएमएलई परीक्षेच्या पायऱ्या आणि नंतर रेसिडेन्सी, ब्रिटनमध्ये प्लॅब परीक्षेचे दोन भाग, हे सहसा चुकत नाही. इथे दहा वर्षं शस्त्रक्रिया केलेल्या सर्जनलाही अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत पुन्हा रेसिडेन्सी करावी लागते.

आता पालकांसाठी, कारण पैसे त्यांच्या खिशातून जातात. परदेशी नोकरीसाठी परवानाधारक एजंटला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. ब्रिटनच्या आचारसंहितेनुसार तर भरतीसाठी परिचारिकेकडून पैसेच घ्यायचे नाहीत. तरीही लाखांचे आकडे सांगितले जातात, सोनं गहाण पडतं, एखादा एकर जातो. त्यातल्या बऱ्याच मुलींना पाठवलं गेलं ते सिस्टर म्हणून नव्हे, केअर वर्कर म्हणून. हे काम प्रामाणिक आहे, पण त्यातून परिचारिकेची नोंदणी मिळत नाही. आणि २२ जुलै २०२५ पासून ब्रिटनने परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच बंद केलं. त्या तारखेनंतरही कुणी तो व्हिसा विकत असेल, तर तो उघड खोटं बोलतो आहे.

आखाती देशांची वाट वेगळी आहे. डेटाफ्लो नावाची कागदपडताळणी, मग संगणकावरची परीक्षा. २०१५ पासून आखातासह १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या प्रत्येक भारतीय परिचारिकेला, पासपोर्ट कोणत्याही प्रकारचा असला तरी, केंद्र सरकारची उत्प्रवास परवानगी लागते. ती टाळून पर्यटक व्हिसावर पाठवतो म्हणणाऱ्याकडे मुलगी सोपवू नये. तिथे पगार थकला किंवा पासपोर्ट काढून घेतला, तर दूतावासाला मदत करणंही अवघड होतं.

एजंटचा परवाना खरा आहे का, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येतं, आणि तक्रारीसाठी मुंबईत उत्प्रवासी संरक्षकाचं कार्यालय आहे. परीक्षांच्या फीचे दर आणि नियम त्या त्या परिषदेच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, आणि ते वाचण्याइतकं इंग्रजी आज पदवी घेणाऱ्या प्रत्येकीला येतं. आधी तिने ते स्वतः वाचावं, वडिलांना समजावून सांगावं, आणि कुणाला पैसे द्यायचे का, हे दोघांनी त्यानंतर ठरवावं.