नम्रतेंतला आनंद



नम्रता हा सद्गुण आहे, हें सर्वांस मान्य आहे. पण नम्रतेंत आनंद आहे असें कोणी म्हटलें, तर तें चटकन् पटत नाहीं. नम्र होणें म्हणजे मान खालीं घालणें, अपमान गिळणें, अशीच आपली समजूत असते. आणि अशा गोष्टींत सुख कसलें? ख्रिस्ती धर्माचें म्हणणें मात्र असें कीं, मनुष्याचा खरा आनंद याच वाटेनें येतो. हें म्हणणें आज थोडें तपासून पाहूं.

योहानकृत शुभवर्तमानाच्या १३ व्या अध्यायांत एक प्रसंग आहे. मरणाच्या आदल्या रात्रीं येशू ख्रिस्त भोजनावरून उठतो, कमरेस रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. त्या काळीं तें काम दासाचें. पेत्र संकोचून नको म्हणतो. येथें योहान एक गोष्ट आवर्जून सांगतो. आपण कोठून आलों व कोठें जाणार, हें ख्रिस्तास पुरतें ठाऊक होतें, आणि तें ठाऊक असतांनाच तो उठला. म्हणजे ही नम्रता हीनपणाच्या भावनेंतून आलेली नव्हती. हें जाणून तुम्ही त्याप्रमाणें वागलां तर धन्य व्हाल, असें तो शिष्यांस शेवटीं सांगतो.

यावरून नम्रता आणि लाचारी यांतला भेद स्पष्ट होतो. ज्याला समाजानें कधीं वर मान करूं दिली नाहीं, त्याला नम्रतेचा उपदेश करणें हा क्रूरपणा आहे. त्या रात्रीं पाय धुणारा गुरु होता आणि धुवून घेणारे शिष्य होते. नम्रतेचा पाठ प्रथम वरच्या पायरीवरील माणसानें घ्यावयाचा असतो : घरांत वडिलांनीं, शाळेंत मास्तरांनीं, कचेरींत साहेबांनीं.

आतां आनंदाकडे वळूं. सतराव्या शतकांत पॅरिस शहरांतील कार्मेल पंथाच्या मठांत लॉरेन्स नांवाचा एक बंधु होता. तरुणपणीं त्यानें शिपाईगिरी केली होती; पुढें तो एका बड्या अधिकाऱ्याच्या घरीं हुजऱ्या म्हणून राहिला. आपण इतके वेंधळे होतों कीं हातीं धरलेली वस्तु फुटायचीच, असें तो स्वतःच सांगे. १६४० सालीं तो मठांत शिरला, तो या वेंधळेपणाची तेथें चांगली शिक्षा होईल अशा समजुतीनें. पण देवानें माझी निराशा केली, मला येथें समाधानच मिळालें, असें तो म्हणे.

मठांत त्याच्या वांट्यास मुदपाकखाना आला. त्या कामाची त्याला मनापासून नावड. तरी तेथें त्यानें १५ वर्षें काढलीं. एकदां मठासाठीं द्राक्षारस खरेदी करण्यास त्याला बरगंडी प्रांतीं पाठविलें. व्यवहारांत गति नाहीं, पाय लंगडा. होडींत पिंपांवरून गडगडत त्याला इकडून तिकडे जावें लागे. पण त्यानें तें काम देवाचें म्हणून केलें, आणि तें नीट पार पडलें.

तो जन्मतः शांत होता असें मात्र नव्हे. पहिलीं दहा वर्षें आपल्या पापांच्या विचारानें त्याचें मन पोळत होतें. आयुष्यभर हें असेंच चालावयाचें, असें त्यानें मनाशीं धरलें, तेव्हां एकाएकीं ती तळमळ निवाली. पुढें हातून चूक झाली कीं तो ती देवापुढें कबूल करी, तुझ्यावांचून माझ्या हातून असेंच व्हावयाचें म्हणे, आणि निमूट पुन्हा कामाला लागे. १६९१ सालीं तो वारला. त्याचीं संभाषणें व पत्रें त्याच्या मृत्यूनंतर छापलीं गेलीं आणि आजही वाचलीं जातात.

या आनंदाचें मर्म काय? आपलें पुष्कळसें दुःख कामाचें नसतें; तें प्रतिष्ठेच्या राखणीचें असतें. माझा जन्म शाळेंत गेला. तेथें हें रोज दिसे. पहिला नंबर जाईल या धास्तीनें गणित सोडविणाऱ्या मुलास उत्तर बरोबर आलें तरी सुख नसे. त्याचे डोळे शेजाऱ्याच्या वहीवर. ज्याला गणितच आवडे, तो चुकलेली रीत खोडून पुन्हा मांडतांनाही रंगून जाई.

ख्रिस्ती मनुष्याची श्रद्धा अशी कीं, देवाच्या प्रेमानें आपली किंमत आधींच ठरली आहे. ती मिळवावयाची नाहीं, म्हणून ती जाण्याची भीतीहि नाहीं. ही राखण एकदां सुटली कीं माणसाचे दोन्ही हात सेवेस मोकळे होतात, आणि दुसऱ्याचें यशहि त्याला गोड लागतें. पौलानें फिलिप्पैकरांस पत्र लिहिलें तें बंदिवासांतून. ख्रिस्तानें दासाचें रूप घेतलें हें त्याच पत्रांत आहे, आणि आनंद करा, हा आग्रहहि त्याच पत्रांत पुनःपुन्हां आहे. या दोन गोष्टी एकाच पत्रांत याव्यात, हा योगायोग नव्हे.

नम्र होण्याचा निश्चय करून मनुष्य नम्र होत नाहीं. तसा निश्चय केला कीं त्याचाच अभिमान चढतो. त्यापेक्षां घरांतलें जें काम आपल्या इभ्रतीस शोभत नाहीं असें वाटतें, तें एक काम उद्यां सकाळीं, कोणास न सांगतां, करून पाहावें. लॉरेन्सचा मुदपाकखाना प्रत्येक घरांत आहे.