मेक्सिकोचें अंतरंग

पोटासाठीं अथवा ध्येयासाठीं परमुलुखांत गेलेल्या मनुष्यास तेथील भाषा बाजारापुरती लवकर येते. परंतु ते लोक कोणत्या गाण्यानें गहिंवरतात, पेरणीपूर्वीं कोणास हात जोडतात, हें त्याला कोणी सांगावें? प्रवासवर्णनें पाहुण्यांसाठीं लिहिलेलीं असतात. दैनिकांत राजकारणाचा गलबला असतो. अशा वेळीं त्या देशांतलेंच एखादें लहानसें वाङ्मयीन नियतकालिक घरच्या माणसासारखें उपयोगी पडतें.

डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे मूळचे वर्ध्याचे. अमेरिकेंत शेतकीचें शिक्षण घेत असतां ते गदर पक्षाच्या कार्यांत पडले आणि पहिल्या महायुद्धांत इराणांत लढले. इंग्रजी सत्तेमुळें मायदेशाची वाट बंद झालेली. १९२४ सालीं ते मेक्सिकोस पोहोंचले आणि चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयांत शिकवूं लागले. ज्याला स्वतःच्या देशांत पाऊल टाकतां येत नाहीं, त्याला दुसऱ्या देशाशीं मन जुळवावेंच लागतें.

पुढच्याच वर्षीं, १९२५ त, मेक्सिको शहरीं ‘मेक्सिकन फोकवेज’ हें नियतकालिक निघालें. लोकाचार, सण, दंतकथा, गाणीं आणि हस्तकला हे त्याचे विषय. मजकूर स्पॅनिश व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत असे. त्याच्या संपादिका फ्रान्सिस टूर याही परक्याच होत्या. १९२२ सालीं विद्यापीठाच्या उन्हाळी वर्गासाठीं त्या अमेरिकेंतून आल्या आणि तेथेंच रमल्या. त्या अंकांतून वीरांचीं व दरोडेखोरांचीं ‘कोर्रिदो’ गीतें वाचकांपुढें आलीं. महाराष्ट्रीयास तीं वाचून पोवाडाच आठवावा. नोव्हेंबरच्या आरंभीं मृतांसाठीं त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडण्याची तेथील चाल पाहून आपल्या पितृपक्षाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. सातां समुद्रांपलीकडचा देश अशा एकेका खुणेनें आपलासा होतो.

या नियतकालिकाची कलेची बाजू चित्रकार दिएगो रिवेरा पाहत, आणि इटलींत जन्मलेल्या तिना मोदोत्ती यांचीं छायाचित्रें त्यांत येत. खानखोजे याच मंडळींत वावरत होते. त्यांच्या मक्याच्या कणसांचीं छायाचित्रें मोदोत्तींनीं घेतलीं. शिक्षणखात्याच्या इमारतींतील ‘आमची भाकरी’ या भित्तिचित्रांत रिवेरांनीं त्यांनाच रेखाटलें. भोंवतीं माणसें जमलीं आहेत आणि मध्यें हा वैदर्भीय गृहस्थ भाकरी मोडीत आहे!

हा मान उगाच मिळालेला नव्हता. माया लोकांच्या पुराणकथेप्रमाणें देवांनीं मनुष्य मक्यापासूनच घडविला. अशा लोकांना मका हें केवळ पीक कसें वाटावें? खानखोज्यांनीं मका आणि ‘तेओसिंते’ ही त्याची रानटी सोयरी यांच्या संकराचे प्रयोग केले. तेवढ्यावर न थांबतां त्यांनीं शेतकऱ्यांसाठीं मुक्त कृषिशाळाही चालविल्या. विद्यालयाच्या भिंतींतून बाहेर पडून ज्यानें शेतकऱ्याच्या ओसरीवर बैठक मारली, त्याला परका कोण म्हणेल?

टूर यांचें नियतकालिक १९३७ सालीं बंद पडलें. परंतु तेथें सांचलेली सामग्री वायां गेली नाहीं. १९४७ सालीं मेक्सिकोच्या लोकाचारांवरील त्यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर खानखोजे परतले, १९५५ पासून नागपुरांत राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजीं येथेंच निवर्तले.

त्यांच्या या नगरींत नोकरीनिमित्त कितीतरी परप्रांतीय येतात. संत्रीं, उन्हाळा आणि रेल्वेचें जंक्शन एवढ्यावरच पुष्कळांची ओळख संपते. १९२३ सालीं स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघाच्या ‘युगवाणी’चे जुने अंक त्यांनीं एकदां चाळावे. वऱ्हाडी बोलीची एखादी कथा अडखळत कां होईना, वाचून पाहावी. आणि येथला माणूस परमुलुखीं निघाला, तर तेथें बिऱ्हाड लागतांच त्यानें पहिला प्रश्न हाच विचारावा : या गांवचें मासिक कोठें मिळतें?