आगगाडीचे बोगदे आणि हवेच्या विहिरी

अकोला किंवा बडनेरा स्टेशनावर मुंबईच्या गाडीची वाट पाहणाऱ्यास बोगद्याची आठवण होण्याचें कारण नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील जमीन सपाट. तथापि १८६७ सालीं जी. आय. पी. रेल्वे वऱ्हाडांतून नागपुरास पोंचली, आणि अमरावती-अकोल्याच्या कापसाच्या गासड्या मुंबईस जाऊं लागल्या त्या थळ घाटांतील तेरा बोगद्यांतून. कसारा-इगतपुरीचा हा घाट १ जानेवारी १८६५ रोजीं खुला झाला होता.

बोगदा म्हटला कीं पहिला प्रश्न हवेचा. विलायतेंत लंडन-बर्मिंगहॅम मार्गावर रॉबर्ट स्टीफन्सननें १८३८ सालीं किल्स्बीचा सुमारें २४०० यार्डांचा बोगदा पुरा केला. आंत गुदमरून मरूं, ही लोकांची भीति मोठी. म्हणून त्यानें टेकडीच्या माथ्यावरून थेट रुळापर्यंत ६० फूट व्यासाच्या दोन विहिरी उतरविल्या व वर किल्ल्याच्या बुरुजासारखें बांधकाम केलें. ऊन हवा विहिरींतून वर जाते, तिच्या जागीं थंड हवा बोगद्याच्या तोंडांतून येते. घरांतील धुराड्याचाच हा नियम.

थळ घाटांतील सर्वांत लांब बोगदा ४९० यार्डांचा. त्यास असा थाट नको होता. परंतु विहिरीचा उपयोग केवळ धुरापुरता नसतो. खोदतांना तिच्यामुळें कामास अधिक तोंडें मिळतात. पुण्याच्या वाटेवरील भोर घाटांत, १८५६ ते १८६३ या काळांत, डोंगराची बाजू इतकी उभी कीं वरून विहीर खणणें बहुधा अशक्य. मजुरांस दोरांनीं कड्यावरून सोडून सुरुंगाचीं पहिलीं भोकें पाडावीं लागत. डायनामाइट १८६७ सालचें. तोंवर साधी दारूच. ज्या तोंडानें मजूर आंत जात त्याच तोंडानें सुरुंगाचा धूर बाहेर यावयाचा. १८६१ च्या जानेवारींत ४२,००० हून अधिक माणसें या घाटावर राबत होतीं. त्यांच्या छातीनें काय सोसलें, तें यार्डांच्या कोष्टकांत सांपडत नाहीं.

गाड्या सुरू झाल्यावरही धूर होताच. चढणीवरचा बोगदा स्वतःच तिरपें धुराडें बनतो. ३७ फुटांस एक फूट हा घाटाचा तीव्र चढ धरल्यास ४९० यार्डांत सुमारें ४० फूट उंची येते. कापूस घेऊन उतरणाऱ्या गाडीस त्याचें विशेष नसे. उतारावर इंजिनास वाफ थोडीच लागते. वर चढणाऱ्या गाडीचा धूर मात्र तिच्याच बरोबर सरकावयाचा. प्रवाशांनीं खिडक्या लावून घ्याव्या. ड्रायव्हर आणि फायरमन कोठें जाणार? मागें जादा इंजिन असल्यास त्यावरील माणसांच्या वांट्यास पुढच्या इंजिनाचाही धूर.

१९३० सालीं इगतपुरीपर्यंत वीज आली, आणि हवेची विहीर न खणतां घाटांतला धूर सरला. वऱ्हाडच्या उघड्या मैदानांत मात्र तो पुढें अनेक वर्षें राहिला. कारण इगतपुरीस विजेचें इंजिन सुटून गाडीस पुन्हां वाफेचें इंजिन लागत असे.